फोन उचलणाऱ्या त्या मुलाला

प्रिय मुला,

तुझं नाव मला माहीत नाही. आवाजावरून तू माझ्या लेकीच्या वयाचा वाटलास, म्हणून अरे-तुरे करतेय. तू जिथे फोन घेतोस त्या काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या आमच्या खासदाराच्या, ऑफिसला आभाराचं इंग्रजी पत्र रीतसर पाठवलंय. पण मनातलं सगळं माझ्याच्यानं मराठीतच लिहून होतं, आणि अमेरिकेतल्या आपल्या लोकांनीही ते वाचावं असं वाटतं.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी 21 वर्षांची झाली. त्या दिवसापासून तिला बापाच्या व्हिसावर इथे राहता येत नाही. चार वर्षांची असताना ती नाशिकहून आमच्याबरोबर आली, बालवाडीपासून इथेच शिकली. आता त्याच गावातल्या कॉलेजात ती परदेशी विद्यार्थिनी म्हणून शिकणार. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज कधीचा मंजूर आहे, पण नंबर लागत नाही. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यातच बायकामुलं धरलेली, आणि कुठल्याही एका देशाला सहसा 7 टक्क्यांच्या वर नाहीत. 1990 सालचा हा कायदा. भारत काय आणि आइसलँड काय, मर्यादा एकच.

तुमच्याआधी मी फोन केले नव्हते असं नाही. एका ऑफिसचा मेलबॉक्स कायम भरलेला. दुसरीकडच्या बाईंनी आधी विचारलं, सिटिझन आहात का? नाही म्हटल्यावर त्यांनी 'थँक यू फॉर कॉलिंग' म्हणून फोन ठेवला. वकिलाने नेहमीचंच उत्तर दिलं आणि त्याचं बिल पाठवलं. परक्यांचं एक वेळ सोडून देते. पण आपल्याच माणसांनी, ज्यांच्या हातात आज अमेरिकेचा पासपोर्ट आहे त्यांनी, मला सांगितलं की तुला मत नाही, तुझं कोण ऐकणार, उगाच कुठे नाव जायला नको. हेच लोक गणपतीच्या आरतीला माझ्या शेजारी उभे असतात. ते मला फार लागलं.

तुला फोन लावला तेव्हा काँग्रेसमनच्या ऑफिसला काय सांगायचं याचा ग्रुपवर आलेला मजकूर समोर धरून वाचत होते. हा कायदा बदलायच्या विधेयकाचं नाव वाचून झालं आणि माझा मतदारसंघ कळावा म्हणून तू झिप कोड, म्हणजे इथला पिन कोड, विचारलास. मी आधीच सांगून टाकलं की मी नागरिक नाही. तू म्हणालास, "तुम्ही आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता ना? मग झालं. हे विधेयक मला माहीत आहे. तुमच्या घरी काय चाललंय ते सांगा."

मग मी बोलत सुटले. पलीकडे तुझ्या कीबोर्डचा आवाज येत होता. मी थांबल्यावर तू म्हणालास, "मी लिहिलंय ते वाचून दाखवतो, काही चुकलं असेल तर सांगा." तू वाचलंस. त्यात ती शिकायला इथे आली असं पडलं होतं. मी म्हटलं, नाही रे, आमचं बोट धरून आली. तू ते बदललंस आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलंस. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या आणि हिला कामाची परवानगीच नव्हती, हे मी ओघात बोलून गेले होते. तेही तू टिपून ठेवलं होतंस.

तेव्हा मला रडू आलं, आणि तू घाई केली नाहीस.

तुझ्यामुळे कायदा बदलला नाही, ते तुझ्या हातातलं नव्हेच. 2019 च्या जुलैत देशांची मर्यादा काढायचं विधेयक हाऊसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं, तरी त्याचा कायदा झाला नाही. काँग्रेसवुमन डेबोरा रॉस यांनी माझ्या लेकीसारख्या मुलांसाठीची तरतूद 2022 मध्ये संरक्षण विधेयकात घातली, तीही शेवटच्या मसुद्यात राहिली नाही. हे मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं आमची फाईल होती, केस नंबर होता, रांगेतली जागा ठरवणारी प्रायॉरिटी डेट होती. माझ्या मुलीची हकिकत जशी आहे तशी कुणीतरी पहिल्यांदा लिहून घेतली, आणि बरोबर लिहिली का हे मला विचारलं. दिवसभर लोकांचा राग कानावर घ्यायचा आणि तरी पुढच्या फोनला माणसासारखं बोलायचं, हे सोपं नाही. अशी माणसं फोनच्या पलीकडे असतात तेव्हाच सामान्य माणसाला सरकारदरबारी तोंड उघडायचा धीर होतो. तुझ्या आईवडिलांचं कौतुक वाटतं मला.

आमच्या मंडळातल्या बायकांना मी आता सांगते की मजकूर वाचत बसू नका, झिप कोड सांगा आणि घरचं बोला. त्यातल्या काही जणी तुमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहतात, त्या लवकरच फोन करतील. तू तिथे असलास तर उत्तमच. इंटर्नशिप संपवून निघणार असलास, तर तुझ्या जागी जो येईल त्याला लिहिलेलं वाचून दाखवायचं तेवढं सांगून जा.

तुझी आभारी,
एक आई