दाखल क्रमांक 4312

प्रिय दादा,

त्या रात्री तुम्ही शेवटची विरार पकडायला चर्नी रोडकडे धावलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. फोन केला असता, पण फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

गिरगावातल्या आमच्या वाचनालयाची अठरा हजार पुस्तकं आम्ही दोघींनी तीन वर्षं बसून कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली. चाळी पुनर्विकासाला जात होत्या, लोक कपाटंच्या कपाटं आणून देत होते. कोणी दिलं, कोणाच्या आठवणीसाठी दिलं, ते फक्त त्या नोंदींत आहे. आणि सगळ्या नोंदी एका सर्व्हरवर.

ज्यांना आम्ही दर वर्षी देखभालीचे पैसे भरत होतो, त्यांनी 2019 च्या शेवटी त्या सर्व्हरवर डेबियन 10 ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि पुन्हा वळून पाहिलं नाही. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या जून 2024 मध्ये बंद झाल्या, हेही मला तुमच्याकडून कळलं. मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी एका पोराला पाठवलं. तो दहावरून थेट बारावर जायला निघाला. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळायची नसते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काम मध्येच अडकलं, त्याने बटण दाबून मशीन बंद केलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. पोरावर माझा राग नाही. राग त्यांच्यावर आहे, जे चार दिवसांनी फोन उचलून म्हणाले, "मॅडम, डेटा गेला समजा. नवीन सर्व्हरचं कोटेशन पाठवतो."

मग तुम्ही आलात. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलंत, कोहाने आपणहून रोज काढून ठेवलेला बॅकअप शोधलात. दुसरा कोणी लगेच सर्व्हर पुसून कामाला लागला असता. तुम्ही तो बॅकअप आधी स्वतःच्या लॅपटॉपवर उभा केलात, लॅपटॉप माझ्याकडे वळवलात आणि म्हणालात, "ताई, कुठलाही एक दाखल क्रमांक सांगा."

माझ्या तोंडून 4312 निघालं. फणसवाडीतल्या एका आजींनी दिलेले बांधीव दिवाळी अंक. तुम्ही आकडे टाकलेत, आणि खाली टिपेत माझंच वाक्य: 'यजमानांच्या स्मरणार्थ. पिशवी स्वतः उचलून आणली.'

तुम्ही काही बोलला नाहीत. मी डोळे पुसेपर्यंत थांबलात, मग विचारलंत, "आता सर्व्हर पुसू?"

दादा, काम येणारी माणसं मुंबईत पुष्कळ आहेत. पण समोरच्याच्या पोटात गोळा आलाय हे ओळखून आधी तो उतरवणारी माणसं मला फार थोडी भेटली. ठरले होते तेवढेच पैसे घेतलेत, अडल्या नडल्याचा भाव लावला नाहीत. कोहा हा न्यूझीलंडच्या माओरी भाषेतला शब्द, त्याचा अर्थ भेट, हे तुम्हीच जाता जाता सांगितलंत.

तुम्ही लिहून दिलेला कागद टेबलाच्या काचेखाली आहे. सोमवारी पहिल्यांदा मी एकटीने अपडेट केलं. नवा कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला, रीस्टार्ट मागितला. काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या तोवर मी खुर्चीवरून हलले नाही. लॉगिन आलं, कोहा उघडलं आणि आधी 4312 टाकून पाहिलं.

आहे.

तुमची,
ग्रंथपाल ताई