नवकल्पनांची नोंदणी आठवडे बाजारात घ्या : नाविन्यता मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय, सप्रेम नमस्कार.

राज्याचे स्टार्टअप धोरण २०१८ साली आले. २०२२ मध्ये स्टार्टअप यात्रेची गाडी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. या दोन्ही पावलांचे मोल आम्ही जाणतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत नवकल्पनांचे अर्ज भरून घेताना मात्र एकच अडचण वर्षानुवर्षे समोर येते. नवकल्पनांची स्पर्धा सर्वांसाठी खुली असते, पण तिचा अर्ज कंपनी, ई-मेल आणि इंग्रजी असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो.

केंद्राची स्टार्टअप मान्यता एकट्या कारागिराला किंवा बचत गटाला मिळत नाही. त्यामुळे ज्या अर्जात त्या मान्यतेचा क्रमांक अनिवार्य आहे, तिथे रावेरचा केळी कापणारा मजूर आणि धडगावची आमचूर वाळवणारी बाई पहिल्याच रकान्यात बाद होतात. त्यातून पुढे गेले तर ओटीपी येतो तो सुरतला कामाला गेलेल्या मुलाच्या मोबाईलवर. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. लेखी अर्ज हाच एकमेव मार्ग ठेवला की यातले किती जण बाहेर राहतात, ते वेगळे सांगायला नको.

आमची मागणी अशी की नोंदणी बोलीतून, आवाजात आणि आठवडे बाजारात घ्यावी. ती कशी घ्यावी, हे सविस्तर मांडतो.

‘इनोव्हेशन चॅलेंज’ असा फलक लावला तर हे आपल्यासाठी आहे असे कुणालाच वाटत नाही. ‘तुमची नवकल्पना सांगा’ म्हटले तरी माणूस गप्प बसतो, कारण आपण केले ते त्याच्या लेखी नवकल्पना नसते, काम भागवणे असते. प्रश्न कामावरून सुरू करावा. अहिराणीत विचारा, ‘कोनतं काम जड जास? ते हलकं कराले तुम्ही काय करं?’ उत्तर लगेच मिळते. पावरी, भिली, मावची, लेवा बोलीतही हाच प्रश्न त्या-त्या भाषकाकडून तयार करून घ्यावा. मुंबईत भाषांतर करून पाठवू नये.

लोक शोधायचे कुठे, हाही प्रश्न आहे. दवंडी, आशा ताई, बचत गटांच्या बैठका, आकाशवाणी जळगाव ही साधने उपयोगी आहेतच. पण सर्वांत पक्की माहिती असते ती वेल्डिंगच्या दुकानात आणि लोहाराच्या भात्याशी. कोणी कोळप्याची (तण काढायच्या अवजाराची) पास, म्हणजे पाते, कापून घेतली, कोणी फवारणी पंपाला जुनी चाके लावली, हे वेल्डरला नावानिशी माहीत असते. तालुक्यातल्या दहा-बारा दुकानांत एकेक फेरी मारली की नोंदणीची पहिली यादी हातात येते.

बाजारात एक टेबल, वर ताडपत्री, दोन नोंदणी साथी, दोन मोबाईल आणि एक पॉवर बँक एवढे पुरते. दोघांपैकी एक साथी बाई असावी. नोंद तिथे नेटवर्कशिवाय साठवावी आणि तालुक्याला परत आल्यावर चढवावी. एका माणसाला पंधरा मिनिटे धरा, म्हणजे दोघे मिळून चार तासांत तीसेक नोंदी होतात. त्याहून जास्तीचे उद्दिष्ट दिले की साथी नुसती नावे लिहू लागतात.

खरी चूक होते ती नोंद उतरवताना. समजा, एकाने सायकलच्या चाकावरचे कोळपे दाखवले. साथीने लिहिले ‘निंदणीचे यंत्र’ आणि वरून एक फोटो काढला. परीक्षक म्हणणार, सायकल कोळपे तर सगळीकडे मिळते, आणि अर्ज बाद. त्या माणसाने खरे म्हणजे पास बिजागरीवर बसवली होती, दगड लागला की ती मागे उचलली जाते आणि मनगटाला हिसका बसत नाही. म्हणून चार फोटो सक्तीचे हवेत : अवजारासह उभा माणूस, बदललेला भाग जवळून, सांधा खालच्या बाजूने, आणि काम चालू असताना. जवळच्या फोटोत दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून मापे काढता येतात. तीन मिनिटांचे बोलणे जसेच्या तसे रेकॉर्ड करावे, मराठीत दुसऱ्याने उतरवावे आणि सांगणाऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवावे. वाचून दाखवायचा हा टप्पाच घाईत गाळला जातो, आणि बिजागरी तिथेच हरवते.

वेळापत्रकाचेही तसेच. अक्राणी (म्हणजे धडगाव), अक्कलकुवा, तळोद्याची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, होळीला परततात. डिसेंबर-जानेवारीत मुदत संपणाऱ्या स्पर्धेला ती गावातच नसतात. नोंदणी होळीनंतर सुरू करावी आणि मृग लागण्याआधी संपवावी. चैत्रात पहाट मोहू (मोहाची फुले) वेचण्यात जाते, तेव्हा दुपारचा बाजार सोयीचा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात मात्र टेबल मांडू नये. तो सणाचा बाजार आहे. तिथे फक्त पुढच्या तारखा ऐकवाव्यात.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. वस्तू तिने केलेली असते, अर्जावर नाव नवऱ्याचे येते. ‘हे कोणी बनवले?’ या प्रश्नाला घरातला पुरुष उत्तर देतो. त्याऐवजी ‘हे बिघडले तर कोण दुरुस्त करते? करून दाखवा’ असे विचारावे. जो हात पुढे येतो, त्याचे नाव लिहावे. दोघांनी केले असेल तर दोघांचीही.

पेटंटबद्दल साथींना आधी शिकवले नाही तर आपणच लोकांचे नुकसान करू. अर्ज दाखल करण्यापूर्वी वस्तूचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला की नावीन्य संपते आणि पेटंटचा हक्क धोक्यात येतो. विभागाच्या प्रसिद्धीसाठी बाजारातच चित्रण करून ते लगेच टाकण्याचा मोह म्हणून आवरायला हवा. आधी पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करावा. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. निवडलेल्या नोंदींचे हे शुल्क आणि मसुदा लिहिणाऱ्याचा खर्च शासनाने उचलावा. जडीबुटीचे ज्ञान मात्र या रांगेत घेऊच नये. पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही, आणि उघड केलेले परत झाकता येत नाही. त्याची जागा ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आहे, तीही गावाच्या संमतीने.

पैशाचे थोडक्यात. प्रवासखर्च नंतर परत देण्याची पद्धत मजुराला परवडत नाही. भाडे आणि बुडालेली रोजंदारी आधी हातात द्यावी. नमुना बनवण्यासाठी दिलेल्या रकमेला जीएसटीचे बिल मागितले जाते, पण बाजारातला लोहार ते कुठून देणार? पाच हजारांपर्यंत साधी हातपावती आणि वस्तूचा फोटो ग्राह्य धरावा. केवायसीअभावी बंद पडलेली बँक खाती निकालाच्या दिवशी उघडकीस येतात. ती नोंदणीच्याच आठवड्यात तपासावीत.

परीक्षण पाच मिनिटांच्या सादरीकरणावर होऊ नये. अवजार असेल तर एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट रान आखावे, बनवणारा सोडून तीन जणांनी ते वापरावे, तेवढेच काम जुन्या पद्धतीने करावे आणि दोन्हींचा वेळ लिहावा. तिघांपैकी एक बाई असावी. उंची आणि पकड बदलली की पुरुषासाठी चांगले अवजार निरुपयोगी ठरू शकते, हे कागदावर कळत नाही. परीक्षकांत कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाबरोबर आयटीआयचा निदेशक आणि शेतमजुरी करणारी एक बाई यांना गुण देण्याचा समान अधिकार असावा.

आदिवासींसाठी वेगळे बक्षीस ठेवावे, अशी सूचना अनेकदा होते. आमचे मत तसे नाही. वेगळ्या बक्षिसाने मुख्य यादी आहे तशीच राहते. त्यापेक्षा प्रत्येक फेरीनंतर किती अर्ज आले, किती पुढे गेले, किती निवडले गेले, हे आकडे तालुका, स्त्री-पुरुष, बोली आणि दिव्यांगत्व यांनुसार जाहीर करावेत. शंभर नोंदी धडगावातून येऊन एकही पुढे गेली नाही, तर दोष नोंदवण्यात आहे की निवडण्यात, हे तपासता येईल. बाद झालेल्या प्रत्येकाला कारण त्याच्या बोलीत, आवाजी निरोपाने कळवावे. एकदा कारण न सांगता बाद झालेला माणूस पुढच्या वर्षी टेबलापाशी फिरकत नाही, आणि त्याच्या गावातलेही कोणी येत नाही.

येत्या होळीनंतर धडगाव, साक्री, रावेर आणि चोपडा या चार तालुक्यांत एक हंगाम हे करून पाहावे. साथींचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायला आणि प्रश्न बोलींमध्ये बसवून द्यायला आम्ही तयार आहोत. विभागाने त्याआधी दोनच शासन निर्णय काढावेत : स्टार्टअप क्रमांकाची अट व्यक्ती व बचत गटांसाठी काढणारा, आणि हातपावती ग्राह्य धरणारा.

आपले नम्र,
नवकल्पना नोंदणीचे काम करणारे कार्यकर्ते,
जळगाव – धुळे – नंदुरबार