बीडाच्या पाइपाला पीव्हीसी जोडता, पण जोड टिकतो का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं गावोगावच्या जुन्या क्वार्टरात, शाळांत अजून बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ड्रेनेज पाइप आहेत, ते गंजले की मिस्त्री तेवढाच तुकडा कापून पीव्हीसी लावतो, सांध्यावर सिमेंट नाहीतर एम-सील थापतो अन् झालं काम. पहिल्याच उन्हाळ्यात जोड फुटतो, संडासाचं पाणी भिंतीत मुरते, लहान पोट्टे तिथूनच ये-जा करतात, पाहून जीव तुटतो.

कारण सोपं आहे. पीव्हीसी उन्हानं लोखंडापेक्षा पाच-सहा पट जास्त वाढते, विदर्भातल्या ४५ डिग्रीत तीन मीटरचा पाइप सकाळ-दुपारमधी तीन-चार मिलिमीटर तरी सरकतो, मंग कडक सिमेंट तडकणारच ना! अन् सोल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा गोंद) तर लोखंडाला धरतच नाही, ते फक्त प्लास्टिकला प्लास्टिक जोडायसाठी हाय.

याच्यासाठी रबरी कपलिंग येते, दोन्हीकडं स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प असतात. दोन्ही पाइपाची बाहेरची गोलाई मोजूनच घ्या, ४ इंची बीड अन् ११० मिमी पीव्हीसी सारखेच असतील असं धरून चालू नका. कापायच्या आधी वरचा बीडाचा पाइप भिंतीला पक्का बांधा, लय वजन असते त्याले, खाली आला तर माणूस जायबंदी होईल. कापलेलं तोंड घासून गंज काढा. पीव्हीसी पाइप आयएस १३५९२ या भारतीय मानकाचा टाइप बी घ्या, टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी असतो.

दुरुस्तीच्या इस्टिमेटमधी ही कपलिंग लिहूनच द्यावी, एवढी कळकळीची विनंती.

एक वाचक, जि. यवतमाळ