बंदी नाही, फक्त तपासणी चालू आहे

प्रिय सुहास,

तू विचारलंस की चीन एखाद्या देशावर चिडला की सरळ बंदी का घालत नाही. अरे, बंदी घातली की कागद होतो, आणि कागद झाला की समोरचा तो घेऊन डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) जातो. कागदच नसेल तर तक्रार कशाची करणार? माल बंदरात अडतो, विचारलं की साहेब म्हणतात तपासणी चालू आहे, बस. 2010 चं शांततेचं नोबेल चीनने तुरुंगात टाकलेल्या लिऊ शियाओबो या सरकारविरोधी लेखकाला मिळालं, देणारी समिती नॉर्वेची, सरकारचा काही संबंध नाही, तरी नॉर्वेच्या सॅल्मनची तपासणी एकदम कडक झाली. 2012 ला स्कारबरो शोल या समुद्रातल्या वादग्रस्त खडकांवरून फिलिपिन्सशी वाजलं तर त्यांच्या केळ्यांत कीड सापडली (कीडसुद्धा मुहूर्त बघून येते वाटतं!). 2017 मधे दक्षिण कोरियाच्या लोट्टे कंपनीने थाड या अमेरिकन मिसाईलविरोधी यंत्रणेसाठी तिथलं आपलं गोल्फ कोर्स दिलं, लगेच चीनमधली त्यांची दुकानं फायर सेफ्टीच्या नावाखाली धडाधड बंद. आणि हे एकटा चीन करतो असं नाही हं, रशियाने 2006 मधे जॉर्जियाच्या वाईनबाबत आरोग्याचं कारण दिलंच होतं.

मला सगळ्यात डोक्यात गेलं ते ऑस्ट्रेलियाचं प्रकरण. 2020 मधे त्यांनी कोविडच्या चौकशीची मागणी केली, मग बार्ली आणि वाईनवर उघड टॅरिफ लागले, पण कोळशाचं सगळं तोंडी. 'जग आनंद' नावाचं जहाज ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन जूनपासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर उभं, वर 23 भारतीय खलाशी, माल उतरवू देत नाहीत आणि क्रूही बदलू देत नाहीत, शेवटी जानेवारी 2021 ला जपानमधे चिबाला गेले तेव्हा कुठे सुटले बिचारे. त्यांचं कुणाशी काय भांडण होतं सांग? आणि गंमत म्हणजे लोहखनिजाला हात लावला नाही, कारण ते दुसरीकडून तेवढं मिळत नाही! म्हणजे राग पण हिशोबानेच येतो.

लिथुआनिया तर इवलासा देश, चीनला विकतो पण थोडंच. 2021 मधे तैवानच्या नावाने ऑफिस उघडू दिलं (चीन तैवानला आपलाच भाग मानतो) तर चीनच्या कस्टम्सच्या कॉम्प्युटरमधून देशाचं नावच गायब, वर जर्मन कंपन्यांना दम की लिथुआनियाचे पार्ट वापरू नका. युरोपने 2022 ला डब्ल्यूटीओत केस टाकली आणि 2024 मधे स्वतःच थांबवली. त्याआधी महिनाभर, डिसेंबर 2023 ला, असल्या दबावाला उलट उत्तर देता येईल असा स्वतःचा कायदा लागू केला, पण तो वापरायचा तरी आधी 27 देशांतल्या बहुतेकांनी हो म्हणायला हवं, आणि प्रत्येकाचं चीनशी काही ना काही दुकान चालूच आहे. तुला काय वाटतं, वापरतील?

तुझा,
मिलिंद