मान डोलावणारी बाहुली धुऊ नका, चिकटवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत प्लास्टिकची ओतीव बाहुली ‘तंजावरी’ म्हणून विकली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत घरातली खरी बाहुली ओल्या फडक्याने पुसून खराब केली जाते. दोन्ही थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

तमिळनाडूतल्या तंजावरची ‘तलैयाट्टी बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली, कागदाचा लगदा, खळ आणि प्लास्टर यांची असते. साच्यातून दोन अर्धे भाग काढायचे, उन्हात वाळवून जोडायचे, सांधा पॉलिशपेपरने घासायचा आणि मग रंग द्यायचा. नाचणाऱ्या बाहुलीचा घागरा, धड आणि डोके सुटे असतात. पोकळ धड आतल्या तारेच्या टोकावर तोललेले असते, स्प्रिंग नसते. प्रत्येक भागाचे वजन टेकणबिंदूच्या खाली राहते, म्हणून टिचकी मारली तरी तो डोलून जागेवर येतो. डोक्यावर ऑइलपेंटचे दोन-तीन थर चढवले की वजन वर सरकते आणि मान एका बाजूला पडते. मग लोक झटपट चिकटणारा गोंद टाकतात. तो लगद्यात मुरून दगडासारखा होतो. पुढे कारागिरालाही मान सोडवता येत नाही.

तंजावरवर १६७६ ते १८५५ मराठ्यांचे राज्य होते, त्यामुळे ही कला आपल्याला परकी नाही. २००८-०९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क, मिळाले. तेच मानांकन सोलापुरी चादरीला आहे. नकली मालाने काय नुकसान होते, हे इथल्या विणकराला वेगळे सांगायला नको.

बॉबलहेड, म्हणजे स्प्रिंगवर डोके हलणारी बाहुली, ही वेगळी जात. मान डोलावणाऱ्या चिनी मूर्ती अठराव्या शतकातच युरोपात पोहोचल्या होत्या. चित्रकार झोफनीने १७६५ च्या सुमारास रंगवलेल्या इंग्लंडच्या राणी शार्लटच्या चित्रात त्या मागे उभ्या दिसतात. १९६० च्या सुमारास जपानमध्ये बनलेल्या लगद्याच्या बेसबॉल बाहुल्या अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या. त्यांचा काळ संग्राहक तळाच्या रंगावरून ओळखतात: पांढरा आधी, मग हिरवा, नंतर सोनेरी. १९६४ मध्ये बीटल्स या गायकवृंदाच्या बाहुल्याही आल्या. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने सामन्याला आलेल्यांना खेळाडू विली मेजची बाहुली वाटली आणि ही हौस पुन्हा जोरात आली. आता अमेरिकेतल्या मिलवॉकीत या बाहुल्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

स्प्रिंग गंजली की बॉलपेनची स्प्रिंग घालणे ही नेहमीची चूक. तारेची जाडी दुप्पट केली तर ताठरपणा सोळापट होतो. म्हणजे जाडीतला किंचित फरकही डोके लोंबवतो किंवा खिळवून ठेवतो. नवी घ्यायला जाताना जुनी स्प्रिंग सोबत न्या. तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या, तिन्ही जुळले पाहिजेत. आणि डोके धरून बाहुली कधीही उचलू नका. प्रमाणाबाहेर ताणलेली स्प्रिंग परत येत नाही.

साफसफाईला कोरडा, मऊ केसांचा ब्रश पुरे. पाण्याने लगदा फुगतो आणि वाळताना रंगाला तडे देतो. जुन्या लगद्याच्या बाहुलीला चेहऱ्यावर आणि मानेच्या कडेला बारीक तडे असतातच. ते पुट्टीने बुजवून नवा रंग दिला की संग्राहकाच्या लेखी किंमत उरत नाही. तडा तसाच राहू द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाहुली खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. खळीमुळे कसर लागते, म्हणून पावसाळ्यानंतर कपाट तपासावे. पण प्लास्टिकच्या बाहुल्यांजवळ डांबरगोळ्या ठेवू नयेत, काही प्लास्टिक त्याने मऊ पडते. प्रवासात हनुवटीखाली बिनछपाईचा मऊ कागद घालून मान स्थिर करावी.

विकत घेताना बाहुली उलटी करून आत पाहा. लगद्याच्या बाहुलीची आतली बाजू खडबडीत असते, प्लास्टिकची गुळगुळीत. प्लास्टिकची बाहुली स्वस्त म्हणून घ्यायला हरकत नाही, पण विक्रेत्याने ‘लगदा’, ‘प्लास्टर’ की ‘प्लास्टिक’ हे पाटीवर लिहावे. यात्रेच्या होम मैदानावरच्या स्टॉलना परवानगी देतानाच ही अट घालावी, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक संग्राहक, साखर पेठ, सोलापूर