सुट्या भागांचा परवाना आणि म्यानमार: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

स.न.वि.वि.

म्यानमारच्या लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावली. त्यानंतर जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आणि २१ डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेत त्याबद्दल ठराव आले. दोन्ही वेळा भारत तटस्थ राहिला. डिसेंबरात तर परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडेच होतं. १,६४३ किलोमीटरची सीमा असलेल्या शेजाऱ्याशी बोलणं तोडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण मत तटस्थ राहिलं आणि माल जातच राहिला. म्यानमारमधल्या मानवाधिकारांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी मे २०२३ च्या अहवालात भारतातून गेलेल्या शस्त्रसामग्रीचा आणि तत्सम मालाचा आकडा ५.१ कोटी डॉलर दिला. पुरवठादारांत सरकारी कंपन्याही होत्या.

दबावाची खरी चावी इथेच आहे. स्कोमेट, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची सरकारी यादी. तिच्यातल्या सहाव्या वर्गाच्या मालाला, म्हणजे युद्धसामग्रीला, संरक्षण उत्पादन विभाग परवाना देतो. तोफेची नळी या वर्गात लगेच ओळखू येते. गोची होते ती नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालाची. त्याचे अर्ज परकीय व्यापार महासंचालनालयाकडे जातात आणि तिथल्या आंतरमंत्रालयीन गटात आपल्या खात्याचाही माणूस बसतो. अर्जाला अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र जोडतात खरं, पण वापरकर्ता लष्करच असेल, तर माल गावांवरच्या हल्ल्यात वापरला जाणार नाही याची हमी त्या कागदातून मिळत नाही. म्हणून म्यानमारच्या प्रत्येक अर्जावर आपल्या खात्याचा लेखी होकार सक्तीचा करा. जुन्या करारांखालचे सुटे भागही त्यात धरा. २०२० मध्ये आपण त्यांना पाणबुडी दिली. अशी यंत्रं दुरुस्तीविना फार काळ चालत नाहीत. वाटाघाटीत हेच आपलं वजन.

‘आपण सोडलं की चीन येईल’ हा युक्तिवाद आम्ही ऐकून आहोत. चीन म्यानमारच्या क्याउकफ्यू बंदरात कधीच पोहोचलाय. आपल्या कलादान प्रकल्पाचं काय? म्यानमारच्या सित्वे बंदरातून नदीने आलेला माल पलेत्वाला उतरवून तिथून रस्त्याने मिझोरमच्या झोरिनपुईला आणायचा होता. ते पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये लष्कराशी लढणाऱ्या आराकान आर्मी या सशस्त्र गटाने घेतलं. आता राजधानी नेपिडॉतल्या सरकारच्या एकट्या सहीवर तिथून ट्रक हलणार नाही.

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर तिथे आपलं लष्करी रुग्णालय उभं राहिलं, चांगलंच झालं. मात्र राजवटीच्या हद्दीतून गेलेली मदत चिन प्रांताच्या डोंगरांत पोहोचेलच असं नाही. मिझोरममधल्या झोखावथारहून तियाउ नदीचा पूल ओलांडला की चिन प्रांतातलं रिखावदार येतं. औषधं तिथून न्यायची, तर त्या भागाचा ताबा असलेल्या स्थानिक गटांशी अधिकृतपणे बोलावं लागेल. ते बोलणं केवळ गुप्तचरांवर सोपवू नका.

जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांच्या बाजूने मत दिलं. कोलंबो चिडलं, पण संबंध तुटले नाहीत.

फेब्रुवारी २०२१ पासून म्यानमारसाठी दिलेल्या प्रत्येक परवान्याचा वर्ग, माल आणि वापरकर्ता येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावा, ही विनंती.

आपले,
म्यानमार आणि ईशान्य सीमेचे काही अभ्यासक