लुओंगोची रात्र आणि बाबांचे गुडघे

बर्नबी,
१७ डिसेंबर २०२३

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आई, खोकला बराच कमी आहे, काढा घेतेय, तेव्हा तो विषय संपला. हे पत्र खरं तर बाबांसाठी आहे. तू वाचून दाखवशील तेव्हा मध्येच "पुरे झाली हॉकी" म्हणून घडी घालून ठेवू नकोस. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही दोघं एकदमच बोलता, म्हणून लिहितेय.

गुरुवारी रॉजर्स अरीनात कनक्सची, म्हणजे व्हँकूव्हरच्या आइस हॉकी टीमची मॅच पाहिली, फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध. पण गर्दी झाली होती ती रॉबेर्तो लुओंगोसाठी. बाबा, हा गोलकीपर. २००६ ते २०१४ व्हँकूव्हरच्या गोलात उभा राहिला, २५२ मॅच जिंकून दिल्या, शिवाय ३८ वेळा एकही गोल खाल्ला नाही. क्लबच्या इतिहासात या दोन्ही बाबतींत त्याच्या पुढे कोणी नाही. २०१० च्या ऑलिंपिक फायनलमध्ये याच स्टेडियममध्ये कॅनडाने अमेरिकेला ३-२ हरवलं, तेव्हाही गोलात हाच. परवा त्याचं नाव क्लबच्या 'रिंग ऑफ ऑनर'मध्ये, म्हणजे स्टेडियममधल्या मानाच्या खेळाडूंच्या यादीत लागलं. लोक त्याला बघून "लूऽऽऽ" करून ओरडतात. आई, तू असतीस तर म्हणाली असतीस, बिचाऱ्याची हुर्यो का उडवतायत!

आता बाबा विचारणार, एवढ्याशा गोलात अडवायचं ते काय? तुमच्या मैदानी हॉकीचा गोल बारा फूट बाय सात फूट, यांचा सहा बाय चार. कबूल. पण पक, म्हणजे यांची चेंडूऐवजीची चकती, गोठवून दगड केलेलं रबर. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येतो, आणि समोर चार-पाच धिप्पाड गडी मुद्दाम आडवे उभे, त्यामुळे निघालेला दिसतच नाही. गोली काय करतो, गुडघ्यांवर पडतो आणि दोन्ही पॅड बाजूंना पसरतो, म्हणजे बर्फालगतची जागा बंद. याला 'बटरफ्लाय' म्हणतात. पण शॉट निघायच्या आधीच पडला तर वरचे दोन्ही कोपरे मोकळे. तेव्हा चपळाईइतकंच महत्त्वाचं काय, तर उगाच न हलणं. माझी जागा गोलाच्या मागे, वरच्या मजल्यावर होती. तीनपैकी दोन डाव आपला गोली माझ्याच बाजूला. डाव सुरू होण्याआधी तो स्केटने क्रीझमधला, म्हणजे गोलापुढच्या आखलेल्या जागेतला बर्फ इकडून तिकडे खरवडत बसतो, पाय घसरू नये म्हणून. टीव्हीवर हे कधी दाखवत नाहीत.

लुओंगोचं दुखणं २०११ चं. स्टॅनली कपची, म्हणजे एनएचएल या इथल्या लीगच्या विजेतेपदाची फायनल, सात मॅचची, बॉस्टनशी. सातवी इथे घरच्या मैदानावर ४-० ने हरले आणि त्या रात्री शहरात दंगल झाली, गाड्या जाळल्या. मी तेव्हा इथे नव्हते, पण ऑफिसात अजूनही हा विषय निघाला की आवाज चढतात आणि खापर लुओंगोवरच फुटतं. बॉस्टनमध्ये त्याने वाईट गोल खाल्ले हे खरंच आहे, एका मॅचमध्ये आठ. पण सात मॅचमध्ये मिळून कनक्सने मारले किती? फक्त आठ! तरी त्यातल्या तीन जिंकले, आणि त्यातल्या दोन १-० अशा. त्या दोन कोणी जिंकल्या, हे कोणी बोलत नाही. फॉरवर्डने सोपा चान्स घालवला तर लोक "हात्तिच्या" म्हणून पुढच्या चालीकडे बघतात. गोलीच्या चुकीवर मागे गोल झाल्याचा लाल दिवा पेटतो.

या लीगच्या नियमात गोलीला कॅप्टन होता येत नाही. कनक्सने तरीही २००८ मध्ये त्याला कॅप्टन केलं. जर्सीवर कॅप्टनचा 'सी' लावता येईना, तर त्याने तो मास्कवर रंगवून घेतला. मला हा माणूस तिथे आवडला. आणि २०१४ च्या मार्चमध्ये बीसी प्लेस या इथल्या दुसऱ्या स्टेडियममधल्या मोठ्या मॅचला याच माणसाला बाकावर बसवून दुसऱ्याला खेळवलं. प्रेक्षक लुओंगोच्या नावाने ओरडत होते. दोन दिवसांत त्याला फ्लोरिडाला देऊन टाकलं.

त्या फ्लोरिडाने २०२० मध्येच त्याची एक नंबरची जर्सी छताला टांगली, म्हणजे तो नंबर आता तिथे कोणालाच मिळणार नाही. व्हँकूव्हरने मात्र नुसतं नाव लावलं. ऑफिसातला एकजण म्हणतो, कप जिंकून दिला नाही तर जर्सी कशाला? अरे, छतावर ज्यांच्या जर्सी आहेत त्यांनी तरी कुठे जिंकून दिलाय! या क्लबने कप आजवर जिंकलेलाच नाही. कनक्सच्याच सेडिन बंधूंच्या टांगल्या ते योग्यच झालं, पण मग याचीही टांगायला हवी होती. मी तावातावाने बोलले, आता तो माझ्याशी फक्त हवामानावर बोलतो.

मॅच आपण ४-० ने मारली. थॅचर डेमकोने एकही गोल खाल्ला नाही. गोलीच्या सत्काराला गोलीने शटआउट द्यावा, याहून चांगला अहेर काय असणार? शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या रांगेतले सगळे उभे होते आणि गोल होऊ नये म्हणून ओरडत होते. टोकियोला श्रीजेशने जर्मनीचा शेवटचा पेनल्टी कॉर्नर अडवला तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठला होतात ना बाबा, तसंच.

तुम्हाला कधी विचारलं नाही, म्हणून आता विचारते. धनराज पिल्लेच्या खडकीत, जिथे प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचं असतं, तिथे तुम्ही फॅक्टरीच्या टीममध्ये गोलात का उभे राहिलात? स्वतःहून, की कोणी उरलं नाही म्हणून? आई सांगते ते "ह्यांना पळायचा कंटाळा" एवढंच कारण मला पटत नाही. सविस्तर लिहा.

लुओंगो २०१९ मध्ये निवृत्त झाला तो खुब्याच्या दुखण्यापायी. सर्जरीनंतर रोज तासन् तास व्यायाम केल्याशिवाय त्याला बर्फावर उतरता येत नव्हतं. तुम्हाला फिजिओने सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम जेमतेम वीस मिनिटांचे आहेत. आई म्हणते तुम्ही पेपर वाचत वाचत एकच पाय हलवता. दोन्ही हलवा. शनिवारी व्हिडिओ कॉलवर मी मोजणार आहे.

तुमची,
मनू